रासमुसेनबाईंचा गालिचा

मिसाओचं पत्र आलं तेव्हा मी बांगडे साफ करत होते. पत्र वाचून झालं आणि बांगडे तसेच पाटावर पडून राहिले.

"तात्सुएताई, येत्या गुरुवारी मी कोबेला येतेय," तिनं लिहिलं होतं. "रासमुसेनांचं ते घर आता लोकांना बघायला उघडं केलंय म्हणे. आपण दोघी जाऊ. या वेळी पुढच्या दारानं आत जाऊ! आणि तुझे उपकार एकदा समोर बसून बोलून टाकीन म्हणते. कागदावर लिहून मन भरत नाही."

उपकार! बावन्न वर्षं मी हा शब्द वाचत आलेय. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी शुभेच्छांच्या कार्डांचा गठ्ठा येतो, त्यात मिसाओचं असणारच. शुभेच्छा एका ओळीत, आणि खाली बारीक अक्षरात: त्या दिवशी तू बाईसाहेबांकडे माझ्यासाठी रदबदली केलीस, ते मी विसरले नाही. मीही दर वर्षी उत्तर पाठवायचे: अगं, मी काहीच केलं नाही. उगाच आभार मानू नकोस.

आता हे ऐका. मी खरंच रदबदली केली नव्हती. केलं होतं ते भलतंच. पण आमच्याकडे कुणी आभार मानले की प्रत्येक जण हेच म्हणतो, "छे छे, मी कुठे काय केलं." ते कुणी खरं मानत नाही. जितकं जोरात म्हणाल तितके तुम्ही थोर. तेव्हा मी दर वर्षी खरं तेच लिहीत होते आणि दर वर्षी तिच्या नजरेत आणखी मोठी होत होते. लपायला याहून बरी जागा सापडली नसती.

घडलं होतं ते असं. मी सतराची, मिसाओ पंधराची. रासमुसेन हे डेन्मार्कचं कुटुंब कितानोच्या चढावर पांढऱ्या सज्जाच्या घरात राहायचं. साहेब जहाजांच्या कचेरीत. मला तिथं कामाला लागून वर्ष झालं होतं, मिसाओ ताजिमाच्या डोंगरातनं येऊन तीन आठवडे. बाईसाहेबांना आमची भाषा येत नव्हती. त्या इंग्रजीत बोलायच्या, आणि मला मोडकंतोडकं इंग्रजी यायचं, कारण लढाईनंतर दोन वर्षं मी अमेरिकन शिपायांचे कपडे धुतले होते. बाईसाहेबांना काही सांगायचं असो की विचारायचं असो, सगळं माझ्यामार्फत. माझी ऐट काही विचारू नका.

आमच्या घरांत चटया झाडताना चहाचा चोथा पिळून वर भुरभुरतात आणि मग केरसुणी फिरवतात. धूळ उडत नाही, चोथ्याला चिकटून येते. दिवाणखान्यात जुना गालिचा होता काळपट लाल, त्यावरही मी वर्षभर हेच केलं आणि गालिचा कसा लख्ख! मिसाओला तेच शिकवलं. "चोथा टाकल्याशिवाय झाडायचं नाही. धूळ उडाली तर माझ्याशी गाठ आहे," असं बजावलं.

मग साहेबांनी बोटीनं नवा गालिचा मागवला, सायीच्या रंगाचा. तो अंथरला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाईसाहेबांबरोबर बाजारात गेले होते, आणि मिसाओनं शिकवल्याबरहुकूम ओंजळीनं चोथा टाकला. लोकरच ती, सगळा रंग पिऊन बसली. आम्ही परत आलो तो गालिच्यावर तपकिरी डागच डाग.

बाईसाहेब ओरडल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "हिला विचार, हे करायला हिला कुणी सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर हिचा दोष नाही. नवी मुलगी आहे, राहू दे."

इतकं सोपं होतं. मी मिसाओकडे वळले आणि म्हणाले, "माफी माग." एवढंच. ती कपाळ जमिनीला टेकवून "चुकले, चुकले" करत रडायला लागली. आणि मी बाईसाहेबांना सांगितलं, "ती म्हणते, कुणी सांगितलं नाही. मी नको म्हणाले होते. ती विसरली."

पाचावर धारण बसली होती माझी. घरी दोन धाकटे भाऊ, खोकणारी आई. हे कारण मी बावन्न वर्षं स्वतःला ऐकवत आले, आता माझं मलाच ऐकवत नाही. मिसाओच्या घरी तरी काय सोनं पिकत होतं?

"बाई जा म्हणतायत," मी तिला सांगितलं. "मी खूप रदबदली केली गं, पण ऐकेचनात."

ती गाठोडं बांधत होती. थांबली आणि म्हणाली, "ताई, पण चोथा टाक म्हणून तूच सांगितलं होतंस ना?"

"मी? मी टाकू नको म्हणाले होते! तुझ्या डोक्यात काही शिरेल तर शपथ."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असेल. माझंच चुकलं असेल." मला कमरेत वाकून नमस्कार केला, आणि मागच्या दारानं गेली.

तर अशी मी. गुरुवारी दहा वाजता सान्नोमिया स्टेशनाबाहेर उभी होते. ताप आलाय म्हणून कळवता आलं असतं. गुडघे दुखतात म्हणून तर खरंच कळवता आलं असतं. पण गेले.

मिसाओला मी ओळखलंच नाही. तिनंच ओळखलं. एवढीशी म्हातारी, पाठीला बाक, रुमालात बांधलेली बरणी पोटाशी धरून लगबगीनं आली.

"तात्सुएताई! अगंबाई, किती म्हातारी झालीस गं!"

"आणि तू काय नवरी दिसतेस?"

ती अशी हसली की येणारेजाणारे बघायला लागले. लेकीनं गाडीतनं आणून सोडलं होतं. लेक शिलाई मशीनचा कसलासा भाग आणायला गेली होती, तीन वाजता घराच्या फाटकाशी न्यायला येणार होती. "आणि माझा चष्मा तिच्या गाडीतच राहिला बघ. मी म्हणजे अशी!" मिसाओनं स्वतःच्या कपाळावर चापटी मारली. "आता तूच माझे डोळे."

आम्ही चढ चढायला लागलो. मी दर पन्नास पावलांवर थांबत होते आणि ती डोंगरातली, तिला दमही लागत नव्हता.

"थोरलीचं नाव तात्सुको का ठेवलं, माहितेय?" तिनं मध्येच विचारलं.

"तात्सुको काय, दर गल्लीत एक असते."

"तुझ्यावरनं ठेवलं."

मी भिंतीला हात टेकला. तिला वाटलं, दम लागला.

"सासू म्हणाली, कोबेतली कोण कुठली मोलकरीण, तिचं नाव माझ्या नातीला? जन्मात एकदाच सासूला उलटून बोलले मी. म्हटलं, त्या मोलकरणीनं स्वतःची नोकरी पणाला लावून माझी बाजू घेतली, तुमच्यापैकी कुणी घेतली असती? पोरांना तुझी गोष्ट पाठ आहे. आता नातवंडांनाही."

माझा मुलगा नागोयाला असतो. माझ्या तोंडाला भिऊन फोनसुद्धा जपून करतो. सुनेचं तर विचारूच नका. आणि तिकडे ताजिमाच्या डोंगरात एक अख्खं घर मला देवी करून बसलं होतं!

"मिसाओ, मी त्या दिवशी काही केलं नव्हतं. खरंच सांगते."

"झालं तुझं सुरू!" ती म्हणाली आणि माझा हात धरून मला वर ओढायला लागली.

घर तसंच होतं. भूकंपात धुराडं कोसळलं होतं, ते पुन्हा बांधलेलं. पुढच्या दाराशी बिल्ला लावलेली एक तरतरीत मुलगी उभी होती. म्हणाली, "आजी, बूट इथं काढा आणि सपाता घाला."

मिसाओला हसू आवरेना. "ऐकलंस ताई? आपण इथं होतो तेव्हा साहेब चिखलाचे बूट घालून बिछान्यापर्यंत जायचे आणि आपण मागनं पुसत!"

"आजी, तुम्ही इथं काम केलंय?" त्या मुलीचे डोळे मोठे झाले.

"मी तीन आठवडे. ताई मात्र सहा वर्षं होत्या, मोठ्या हुशार," मिसाओ म्हणाली. "माझी नोकरी वाचवायला बाईसाहेबांशी भांडल्या होत्या."

ती मुलगी मला वाकून नमस्कार करायला लागली. मी सपाता शोधायचं निमित्त करून खाली वाकले.

दिवाणखान्यात आता गालिचाच नव्हता, उघडी लाकडी जमीन होती. पियानो होता, भोवती दोर बांधलेली बाईसाहेबांची ती खुर्ची होती. आणि खिडकीपाशी काचेखाली बाईसाहेबांची पत्रं. त्यांच्या मुलीनं डेन्मार्कहून पाठवलेली, बहिणीला लिहिलेली. भिंतीवर आमच्या भाषेत भाषांतर.

"बाईसाहेबांची पत्रं? वाच ना ताई!" मिसाओ माझ्या खांद्याला लागून उभी राहिली. "काय लिहिलंय?"

मी वाचायला लागले. बंदरातल्या धुक्याचं होतं, पावाला इथं चव नाही त्याचं होतं. मिसाओ मान डोलवत होती. मग पुढचा परिच्छेद आला. पहिली ओळ डोळ्यांखालनं गेली आणि मी थांबले.

"थांबलीस का?"

"पुढं असंच," मी म्हणाले. "हवापाण्याचं. चल, स्वयंपाकघर बघू."

बावन्न वर्षांनी, त्याच खोलीत, बाईसाहेबांच्या आणि तिच्या मधे पुन्हा मीच उभी, आणि पुन्हा तेच केलं. आता तर माझे भाऊही आपापल्या घरी सुखी आहेत आणि आई जाऊन चाळीस वर्षं झालीत. कुणाच्या पोटाचं कारण पुढं करणार?

स्वयंपाकघरात दहाबारा माणसं होती. मिसाओनं इकडंतिकडं पाहिलं, आणि कुणाची पर्वा न करता लाकडी जमिनीवर गुडघे मोडून बसली. बरणी रुमालातनं सोडवून माझ्यासमोर सरकवली. तिनं घरी खारवलेली उमेची आंबट फळं होती, लालचुटूक.

"उठ, लोक बघतायत," मी दबक्या आवाजात म्हणाले.

"बघू देत. बस तू पण." मी बसले. तिनं दोन्ही हात जमिनीवर टेकले. "तात्सुएताई, त्या दिवशी माझ्यासारख्या बिनडोक पोरीसाठी तू शब्द टाकलास. आभारी आहे." आणि कपाळ खाली टेकवलं. तिच्या डोक्यावरचे विरळ पांढरे केस मला दिसत होते. बघणाऱ्यांतल्या एका बाईनं डोळे पुसले.

"बिनडोक कशाला म्हणतेस," मी म्हणाले.

"बिनडोकच." ती मान वर करून हसली. "तुला गंमत सांगू? मला पक्कं आठवत होतं, चोथा टाक असं तूच म्हणालीस. अजून कानात तुझा आवाज आहे. पण तू तर माझ्यासाठी भांडलीस, तू कशाला खोटं बोलशील? तेव्हाच कळलं की आपल्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. मग जन्मात कधी कशाचा हट्ट धरला नाही. नवरा म्हणायचा, अगं मी तुला सांगितलं होतं, की मी म्हणायची, सांगितलं असेल. डोंगराकडचं शेत मला न विचारता विकलं त्यानं, आणि म्हणाला, तू हो म्हणालीस. मी म्हणाले नव्हते गं. पण म्हटलं, म्हणाले असेन."

हे ती हसत सांगत होती, घरातल्या वेंधळ्या माणसाचे किस्से सांगतात तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला वाटायचं, मी तिची नोकरी घालवली. नोकरी काय, दुसरी मिळते. मी तिचं डोकं तिच्याकडनं काढून घेतलं होतं, आणि ती बरणी भरून माझे आभार मानायला आली होती.

मी उठले, तिचं मनगट धरलं आणि तिला दिवाणखान्यात ओढतच नेलं. "अगं, बरणी! बरणी राहिली!" ती ओरडत होती. त्या भिंतीसमोर तिला उभी केली आणि मोठ्यानं वाचलं.

"नव्या मुलीनं ओला चहा टाकून गालिचा खराब केला. हे करायला कुणी सांगितलं असेल तर तिला ठेवून घ्यायचं मी ठरवलं होतं. थोरल्या मोलकरणीमार्फत तसं विचारलं. थोरली म्हणाली, कुणी सांगितलं नव्हतं, उलट मीच नको म्हणाले होते. म्हणून पोरीला घरी पाठवलं. पण आज थोरली त्याच डागांवर स्वतः चोथा टाकून झाडताना मला दिसली, अगदी सवयीचा हात. मला आता वाटतं, माझ्या हातून अन्याय झाला."

ही शेवटची ओळ मलाही ठाऊक नव्हती. म्हणजे बाईसाहेबांनी ओळखलं होतं, आणि पुढची पाच वर्षं रोज सकाळी माझ्या हातची कॉफी घेत होत्या.

बाहेर कुठल्याशा शाळेची मुलं सज्जात दंगा करत होती.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं.

"रदबदली?"

"केली नाही. एक शब्दही नाही."

"चोथा टाक, असं..."

"मीच म्हणाले होते. चोथा टाकल्याशिवाय झाडायचं नाही, हे माझेच शब्द."

"धूळ उडाली तर माझ्याशी गाठ आहे," मिसाओ म्हणाली. शब्दाला शब्द, माझ्याच त्या वेळच्या तोऱ्यात. मग खुर्चीभोवतीच्या दोराला धरून ती उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "म्हणजे माझं डोकं ठीक होतं."

मी "माफ कर" म्हणाले. तिनं ऐकलं की नाही, माहीत नाही. ती बोटांवर काहीतरी मोजल्यासारखी ओठ हलवत होती. शेत, नवरा, आणखी काय काय असेल, मला कुठलं ठाऊक. भरल्या खोलीत माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं, तरी तोंड कुठं लपवू असं झालं होतं.

तीन वाजता आम्ही फाटकाशी आलो. येताना ती माझ्या पुढं चालत होती. गाडीतनं पन्नाशीला आलेली, गोल चेहऱ्याची बाई उतरली आणि धावतच आली.

"तात्सुएमावशी ना? मी तात्सुको!" आणि वाकली ती वाकलीच. "लहानपणापासून तुम्हाला एकदा बघायचं होतं. आईसाठी तुम्ही जे केलंत—"

"मी काही केलं नाही," मी म्हणाले. "तुझ्या आईची नोकरी माझ्यामुळं गेली. मी खोटं बोलले होते."

ती खळखळून हसली. "आई म्हणालीच होती, तुम्ही असंच म्हणाल! स्वतःकडे मोठेपणा घ्यायचाच नाही, हो ना?" आणि आणखी खाली वाकली.

मी मिसाओकडे पाहिलं. ती गाडीच्या दाराला हात लावून उभी होती, माझ्याकडे बघत. एक शब्द बोलली असती तर काम झालं असतं. पण बोलली नाही. मधे पडायची तिला काय गरज होती?

मग मी वाकायचं सोडलं, मऊ बोलायचं सोडलं आणि भांडल्यासारखी बोलले. "सरळ उभी राहा पोरी. मी नम्रपणा करत नाहीये. चोथा टाकायला मी सांगितलं, नाव तिचं घेतलं. तिला खरं आठवत होतं, तर तुझ्या डोक्यात काही शिरत नाही म्हणून तिलाच झापलं. आत भिंतीवर लिहून लावलंय, जाऊन वाच. तुझ्या आईचं डोकं ठीक होतं. पहिल्यापासून."

तात्सुको सरळ झाली. हसू चेहऱ्यावर राहिलं होतं, ते कुठं ठेवावं तिला कळेना. तिनं आईकडं पाहिलं. मिसाओनं होकाराची मान डोलावली आणि गाडीत बसली. स्वयंपाकघरातनं परत आणलेली बरणी तिनं मांडीवर घेतली होती.

"मग आज तरी तुम्ही कशाला आलात?" तात्सुकोनं विचारलं. आवाज चढवला नाही. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "हे सांगायला?"

हो म्हणता आलं असतं. तिनं ते मानलंही असतं, आणि तेवढं तरी बरं नाव मागं राहिलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "आभार ऐकायला आले होते."